एक खाडा, दोन वह्या

जुलैतला एक सोमवार, सकाळचे सव्वासात. बाहेर पाऊस, गॅसवर चहा आणि फोनवर डेअरीवाले काका. त्यांच्या रतीबाचं आयफोन ॲप आम्ही तिघं मिळून सांभाळतो. दुपारी एक ते चार काका कुणाचाच फोन घेत नाहीत, त्यामुळे त्यांच्या तक्रारी कायम चहाच्या वेळेला येतात.

"मॅडम, तुमचं ॲप खाडा धरतंय, पण बिलातनं वजा करत नाहीये. काल एक आजी कालनिर्णय घेऊन काउंटरवर आल्या होत्या. अख्खं, खिळ्यावरनं काढून."

मागोमाग व्हॉट्सॲपवर फोटो. तारखांच्या चौकोनांत निळ्या पेनानं ‘१’, ‘१’, ‘१॥’ आणि पुढच्या तीन दिवसांवर ठसठशीत फुल्या. आजी तीन दिवस लेकीकडे नाशिकला जाणार होत्या. दुसऱ्या फोटोत त्यांच्याच फोनचा पडदा: तेच तीन दिवस ॲपच्या कॅलेंडरमध्ये लाल. तिसऱ्यात महिन्याचं अंदाजे बिल, त्यात मात्र तीनही दिवसांचं दूध धरलेलं.

"आणि गंमत सांगू का," काका म्हणाले, "मी त्यांच्या हातातनं फोन घेतला, ॲप बंद करून परत उघडलं, तर बिल बरोबर! आता आजींना वाटतंय मीच काहीतरी केलं."

हे शेवटचं वाक्य मी तेव्हा नीट ऐकलं असतं तर पुढचा दीड दिवस वाचला असता. पण चहा उतू जात होता.

कोथरूडहून बाणेरच्या ऑफिसात रेनकोट निथळत पोचेपर्यंत दहा वाजले. आमच्या ज्युनिअरनं तोवर सिम्युलेटरवर, म्हणजे मॅकमधल्या नकली आयफोनवर, दोष दाखवूनही ठेवला होता. खाडा टाका, बिलाच्या टॅबवर जा, आकडा तोच. ॲप मारा, पुन्हा उघडा, आकडा बरोबर.

"ताई, कॅशचं, म्हणजे साठवलेल्या जुन्या डेटाचं, काहीतरी असणार," तो म्हणाला.

असं काही झालं की आमच्याकडे आधी शांती करतात. डिराइव्ह्ड डेटा, म्हणजे आधीच्या तयार फाइलींचा साठा, उडवायचा, सिम्युलेटरमधलं सगळं पुसायचं, एक्सकोड (ॲप बनवायचं ॲपलचं साधन) बंद करून उघडायचं, फारच झालं तर मॅक रीस्टार्ट. सगळं यथासांग झालं. दोष जागच्या जागी.

मग कन्सोलकडे, म्हणजे ॲप चालताना नोंदी (लॉग) छापल्या जातात त्या खिडकीकडे, वळलो, आणि इथे आमचं खरं दुखणं होतं. ॲप सिम्युलेटरवर चालू केलं की आमचा एकही लॉग येण्याआधी ‘ओबीजेसी’ (ऑब्जेक्टिव्ह-सी या भाषेचं लघुरूप) असं म्हणत, चौकटी कंसात प्रोसेसचा (चालू ॲपचा) क्रमांक टाकत, ओळींमागून ओळी पडायच्या. प्रत्येकीचं म्हणणं एकच: अमुक क्लास, म्हणजे कोडचा एक नाव दिलेला तुकडा, या फाइलीतही आहे आणि त्या फाइलीतही आहे. पूर्वी याच ओळीचा शेवट मोठा मजेशीर असे, की दोघांतला एक वापरला जाईल, कोणता ते निश्चित नाही. अलीकडच्या आवृत्त्यांत भाषा कडक झाली आहे: यामुळे खोटेच कास्टिंगचे घोटाळे आणि गूढ क्रॅश होऊ शकतात, एक तरी काढा किंवा नाव बदला. वाचणारा घाबरावा अशीच ती लिहिलेली आहे. पण रोज सकाळी तीच ओळ तीस वेळा बघितली की भीती राहत नाही. पावसाळ्यात छतावर ठेवलेल्या ताडपत्रीचा आवाज जसा दोन दिवसांनी ऐकू येईनासा होतो, तसं.

आमच्याकडे तर या गोंगाटावर ‘उपाय’ही केलेला होता. स्कीममध्ये (ॲप कसं चालवायचं ते ठरवणाऱ्या सेटिंगमध्ये) एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणून ‘ओएस_ॲक्टिव्हिटी_मोड’ घालून त्याची किंमत ‘डिसेबल’ ठेवलेली. एक्सकोड ८ च्या काळात सिस्टिमच्या लॉगचा पूर आला तेव्हापासून हा तोडगा हातोहात फिरतो आहे. तो लागू पडतो युनिफाइड लॉगिंगला, म्हणजे ॲपलच्या ठरावीक लॉग-यंत्रणेला. डुप्लिकेट क्लासची ओळ मात्र ऑब्जेक्टिव्ह-सीचं रनटाइम (चालू ॲपला क्लास पुरवणारी यंत्रणा) थेट स्टँडर्ड एरर या वेगळ्याच वाटेवर टाकतं, तिला त्याचं काही सोयरसुतक नाही. म्हणजे झालं होतं असं की गोंगाट तसाच आणि आमचेच लॉग गायब. आधी ते व्हेरिएबल काढून टाकलं. लगेच बिलाच्या मॉड्यूलचा आमचाच एक जुना लॉग दिसू लागला: ‘खाडे मिळाले: ०’.

शून्य? कॅलेंडरवर तीन लाल चौकोन दिसताहेत आणि बिल म्हणतंय खाडे शून्य. दोघंही एकाच वहीत बघतात. निदान माझी तशी समजूत होती.

ही वही म्हणजे एक जुना ऑब्जेक्टिव्ह-सी क्लास. खाडे मेमरीत ठेवतो, फाइलीत लिहितो, आणि सिंगलटन आहे, म्हणजे सगळ्या ॲपमध्ये त्याची एकच प्रत असायला हवी. ज्युनिअरला म्हटलं, त्याच्या इनिटवर, म्हणजे प्रत तयार होते त्या जागी, ब्रेकपॉइंट (थांबायची खूण) ठेव. सिंगलटनचं इनिट एकदाच चालतं, त्यामुळे तिथे एकदाच थांबायला हवं.

ॲप उघडताना थांबलं. पुढे जा म्हटलं. बिलाचा टॅब दाबायच्या आतच पुन्हा थांबलं.

तो माझ्याकडे बघतोय, मी पडद्याकडे. सेल्फचा, म्हणजे त्या प्रतीचा, मेमरीतला पत्ता छापून बघितला तर पहिल्या वेळचा वेगळा, दुसऱ्या वेळचा वेगळा. डाव्या बाजूच्या स्टॅकमध्ये (कोण कुणाला बोलावतंय त्या यादीत) पहिल्या वेळी ओळ होती आमच्या ॲपच्या नावाची, दुसऱ्या वेळी बिलिंगच्या फ्रेमवर्कच्या (ॲपमधल्या वेगळ्या कोड-पेटीच्या) नावाची. क्लास तोच, फाइल तीच, ओळ क्रमांक तोच. वह्या दोन.

आता काकांचं वाक्य आठवलं. कॅलेंडर खाडा लिहीत होतं पहिल्या वहीत, आणि ती वही फाइलीत उतरवत होती. बिल बघत होतं दुसऱ्या वहीत, जी ॲप उघडतानाच, खाडा टाकायच्या आधी, कोरी उघडलेली. ॲप बंद करून उघडलं की दोन्ही वह्या त्याच फाइलीवरून भरल्या जायच्या, म्हणून आकडा जुळायचा. आजींना काकांनी हातचलाखी केल्यासारखं वाटलं ते याचमुळे.

ज्युनिअरनं सरळ प्रश्न विचारला, "पण ताई, एकाच नावाचे दोन क्लास असले तर बिल्डच व्हायला नको ना?"

एकाच बायनरीत (तयार कोडच्या फाइलीत) असते तर लिंकरनं (तुकडे जोडणाऱ्या साधनानं) अडवलंच असतं. पण आमच्या ॲपची मुख्य बायनरी वेगळी लिंक होते आणि बिलिंगचं डायनॅमिक फ्रेमवर्क वेगळं. प्रत्येकाच्या पोटात एकेक प्रत, आणि आपापल्या जागी दोन्ही बिनचूक. दोघांची गाठ पडते ती ॲप चालू होताना, एकाच प्रोसेसमध्ये. तिथे रनटाइमकडे क्लासच्या नावांचं एकच सपाट रजिस्टर असतं. ऑब्जेक्टिव्ह-सीत आडनाव हा प्रकार नाही, म्हणून तर नावापुढे अक्षरं लावायची पद्धत पडली. एनएस हे नेक्स्टस्टेपचं राहिलेलं कुंकू, यूआय यूआयकिटचं. दोन अक्षरी ॲपलनं स्वतःकडे ठेवली, बाकीच्यांनी तीन लावावीत अशी शिफारस केली. स्विफ्ट या नव्या भाषेत मॉड्यूलचं नाव आपोआप चिकटतं, त्यामुळे दोन वेगळ्या मॉड्यूलांतले सारख्या नावाचे क्लास भांडत नाहीत. पण तेच मॉड्यूल दोन बायनरींत शिरलं, तर स्विफ्टलाही हीच ओळ ऐकावी लागते.

आणि त्या जुन्या ओळीतलं ‘दोघांतला एक वापरला जाईल’ हेही पुरतं खरं नाही. नावानं शोधायला गेलात तर एकच सापडतो. पण संकलित झालेला कोड नावानं शोधत बसत नाही, तो आपल्याच बायनरीतल्या प्रतीकडे जातो. म्हणजे दोन्ही वापरात, दोन्ही खूश. कुलकर्ण्यांच्या वाड्यात ‘कुलकर्णी, अर्धा म्हैस’ एवढीच चिठ्ठी असलेला नवा पोरगा निदान कुणाला तरी विचारतो. इथे विचारणारं कुणी नाही.

एवढं कळल्यावर कन्सोलमध्ये याची ओळ असणारच, हे उघड होतं. ती आजवर दिसली कशी नाही? सगळं कन्सोल कॉपी करून टेक्स्ट फाइलीत टाकलं. डुप्लिकेटच्या ओळी भरल्या एकतीस. ज्युनिअरनं झटकन ग्रेप (मजकुरात शोधायची आज्ञा) मारला: ज्या ओळीत ‘रनटाइमरूट’ आहे ती वगळ. रनटाइमरूट म्हणजे सिम्युलेटरच्या आयओएसचं घर. अलीकडच्या एक्सकोडमध्ये सिम्युलेटरची ही आयओएस रनटाइम्स वेगळ्या डिस्क इमेजमधून येतात, त्यामुळे त्यांचे पत्ते हातभर लांब दिसतात. त्या पत्त्यातला क्लास ॲपलचा. एकतीसातली एक ओळ उरली.

उत्तर बरोबर आलं, पण रीत चुकली होती, आणि मी त्याला तिथेच थांबवलं. प्रत्येक ओळीत दोन पत्ते असतात. आपण एखाद्या क्लासला असं नाव दिलं, जे ॲपलच्या एखाद्या खासगी फ्रेमवर्कमध्येही आहे, तर एक पत्ता रनटाइमरूटचा असेल आणि एक आपला. त्याच्या ग्रेपनं नेमकी तीच ओळ फेकून दिली असती, आणि ती तर सगळ्यांत वाईट. वगळण्यापेक्षा शोधावं: ज्या ओळीत आपल्या ॲपचा पत्ता एकदा तरी आला आहे ती आपली. सिम्युलेटरवर तो होम फोल्डरमधल्या कोअरसिम्युलेटरच्या डिव्हाइसेसमध्ये, लांबलचक आयडींच्या आत, ‘.ॲप’नं संपणाऱ्या फोल्डरात असतो. एक्सकोड १६ पासून डीबग बिल्डमध्ये मुख्य बायनरीच्या नावाला ‘.डीबग.डायलिब’ अशी शेपटी दिसते, तिला बिचकायचं कारण नाही. आपलाच कोड आहे, वेगळ्या डब्यात भरलेला.

त्या ओळीतले दोन पत्ते: एक ॲपचा, दुसरा त्याच ॲपच्या फ्रेमवर्क्स फोल्डरातल्या बिलिंगचा. ओळ एकोणिसावी होती. वर अठरा, खाली बारा, सगळ्या ॲपलच्या घरातल्या. रोज आमच्या डोळ्यांसमोरून जात होती.

त्या तीस ओळींबद्दलही दोन शब्द, कारण लोक त्यांच्यामागे दिवस घालवतात. त्या ॲपलच्याच दोन फ्रेमवर्कांत किंवा बंडलांत एक क्लास दोनदा असल्यामुळे येतात. आयओएस १० च्या सिम्युलेटरवर फोटोंच्या दोन सर्व्हिसेसमध्ये ‘पीएलबिल्डव्हर्जन’ सापडायचा. पुढे वेबकिट आणि वेबकोअरच्या ॲक्सेसिबिलिटी बंडलांमध्ये एक क्लास दोनदा दिसू लागला. सिम्युलेटरच्या आयओएसची आवृत्ती बदलली की नावं बदलतात. त्या ओळींतलं काहीही आपल्या प्रोजेक्टमध्ये नसतं, त्यामुळे आपल्या प्रोजेक्टमध्ये काहीही बदलून त्या जात नाहीत. खऱ्या आयफोनवर तेच ॲप चालवलं तर आमच्याकडे गर्दी बरीच ओसरली. आमची ओळ मात्र तिथेही हजर.

एक फाजील प्रयोगही करून बघितला. ‘ओबीजेसी_हेल्प’ला ‘येस’ दिलं की रनटाइम स्वतःच्या सगळ्या कळांची यादी छापतं. त्यात ‘ओबीजेसी_डीबग_डुप्लिकेट_क्लासेस’ अशी एक कळ आहे: डुप्लिकेट दिसला की इशारा न देता प्रोसेस तिथेच पाडते. वाटलं, झकास, आता एकही डुप्लिकेट सुटणार नाही. चालू केली. ॲप पडलं, पण ॲपलच्याच पहिल्या डुप्लिकेटवर. आमच्या ओळीपर्यंत गाडी पोचलीच नाही. सिम्युलेटरवर तिचा उपयोग एवढाच, की पाच मिनिटं हसायला मिळालं.

आता मूळ शोधायचं. दोन्ही बायनरींवर ‘एनएम’ (बायनरीतली नावं दाखवणारं साधन) चालवून त्या क्लासचं सिम्बॉल बघितलं, दोन्हीकडे ते बाहेरून आणलेलं नाही, तिथंच व्याख्या केलेलं. म्हणजे स्टॅटिक लायब्ररी दोनदा लिंक झालेली. पॉडफाइल उघडली, म्हणजे कोकोपॉड्स या साधनाची यादी: कुठल्या टार्गेटला (बिल्डच्या भागाला) कुठला पॉड (तयार लायब्ररी) लागतो. वहीचा पॉड ॲपच्या टार्गेटमध्येही होता आणि बिलिंगच्या टार्गेटमध्येही, आणि तो पहिल्यापासून तसाच होता. पूर्वी सगळे पॉड डायनॅमिक फ्रेमवर्क म्हणून यायचे, तेव्हा दोन ठिकाणी लिहिलं तरी प्रत एकच असायची, दोघंही तिच्याकडेच बोट दाखवायचे. मग कुणीतरी वरची एक ओळ बदलून लिंकेज स्टॅटिक केलं होतं. स्टॅटिक म्हणजे बोट दाखवणं नाही, झेरॉक्स काढून फायलीत लावणं. जितकी टार्गेट्स, तितक्या झेरॉक्स.

"कुणी केलंय बघू," असं म्हणत ज्युनिअरनं गिट ब्लेम (कुठली ओळ कुणी बदलली ते दाखवणारी आज्ञा) लावला, आणि एकदम गप्प झाला.

मीच केलं होतं. आठ महिन्यांपूर्वी, रात्री पावणेअकराला. संदेश: ‘ॲप उघडायला वेळ कमी लागावा म्हणून’. हेतू चांगला होता. बाहेरच्या डायनॅमिक लायब्रऱ्या जितक्या जास्त, तितका ॲप उघडायला वेळ, हे ॲपल २०१६ च्या डब्ल्यूडब्ल्यूडीसी या आपल्या परिषदेपासून सांगत आलं आहे. ॲप खरंच झटकन उघडू लागलं होतं आणि काकांनी पेढे पाठवले होते, त्यांच्याच डेअरीतले. त्या दिवसापासून ती एकोणिसावी ओळ कन्सोलमध्ये पडत होती आणि आठ महिने खाडा त्याच बैठकीत बिलात दिसत नव्हता. बहुतेक माणसं खाडा टाकून ॲप मिटतात, लगेच बिल तपासत नाहीत. पुण्यात राहून मी हे गृहीत धरायला नको होतं.

दुरुस्तीत पहिला डाव चुकला. घाईनं बिलिंगच्या टार्गेटमधून पॉड काढला. लगेच ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल्स’, म्हणजे नावच सापडत नाही. साहजिक आहे. डायनॅमिक फ्रेमवर्क स्वतंत्र लिंक होतं. त्याला लागणारं सगळं त्याच्याजवळ असावं लागतं, किंवा ते कुठून आणायचं हे लिंक करतानाच सांगावं लागतं. ॲपच्या पोटात आहे, तिथून घे, हे त्याला चालत नाही. उलट बाजूनं, म्हणजे पॉड फक्त बिलिंगमध्ये ठेवून ॲपला नुसते सर्च पाथ वारशानं देऊनही भागलं असतं. पॉडफाइलमध्ये त्यासाठी ‘इनहेरिट’ची सोय आहे. पण मग खाड्याची वही बिलिंगच्या पोटात राहिली असती आणि उद्या तिसरं मॉड्यूल आलं की पुन्हा हाच तमाशा. शिवाय कोकोपॉड्सचं मध्यवर्ती भांडार २ डिसेंबर २०२६ पासून फक्त वाचण्यापुरतं राहणार असल्याचं जाहीर झालेलं, तेव्हा त्याच्या भरवशावर नवं बांधकाम कशाला?

म्हणून वही पॉडमधून बाहेर काढली आणि एक्सकोडमध्ये तिचं स्वतःचं डायनॅमिक फ्रेमवर्क केलं. ॲपच्या टार्गेटमध्ये ‘एम्बेड अँड साइन’, बिलिंगमध्ये ‘डू नॉट एम्बेड’. म्हणजे वस्तू ॲपच्या फ्रेमवर्क्स फोल्डरात एकदाच ठेवली जाते, दोघंही तिचा नुसता पत्ता जवळ बाळगतात. बाकीचे पॉड स्टॅटिकच राहू दिले. एका डायनॅमिक फ्रेमवर्कनं ॲप उघडायला लागणारा वेळ आम्हाला जाणवेल इतका वाढला नाही.

बिल्ड केलं, चालवलं, खाडा टाकला, बिलाचा टॅब. इनिटवर ब्रेकपॉइंट तसाच होता. एकदाच थांबला. आकडा कमी झाला.

मग टेस्ट चालवल्या. सगळ्या हिरव्या, आणि कन्सोलमध्ये पुन्हा आमच्या क्लासची ओळ! यावेळी एक पत्ता नव्या फ्रेमवर्कचा, दुसरा ‘.एक्ससीटेस्ट’नं संपणारा. युनिट टेस्टचं बंडल ॲपच्याच प्रोसेसमध्ये लोड होतं, आणि त्या टार्गेटमध्ये जुना पॉड तसाच लिंक राहिला होता. म्हणजे टेस्ट आजवर तिसऱ्याच वहीत लिहून तिसरीच वही वाचत होत्या आणि शाबासकी घेत होत्या. आठ महिने टेस्ट का बोंबलल्या नाहीत, याचं उत्तर तिथं मिळालं. लिंक काढली, ओळ गेली. एक टेस्ट लाल झाली, तिची वेगळी कथा.

शेवटी सीआयमध्ये (बदल झाला की आपोआप बिल्ड करणाऱ्या यंत्रणेत) एक छोटी स्क्रिप्ट टाकली. ‘सिमसीटीएल’ला (सिम्युलेटर चालवणाऱ्या आज्ञेला) कन्सोलसकट ॲप उघडायला सांगायचं, वीस सेकंद थांबायचं, आणि आलेल्या मजकुरात डुप्लिकेटची अशी ओळ शोधायची जिच्यात आमच्या ॲपचा पत्ता आहे. सापडली तर बिल्ड नापास. रनटाइमरूटच्या ओळी कितीही येवोत. ज्युनिअरनं स्क्रिप्ट लिहिली आणि ती चालते का हे बघायला मुद्दाम जुनी पॉडफाइल लावून बिल्ड पाडून दाखवली. मला ते फार आवडलं.

बुधवारी काकांना नवी आवृत्ती दिली. त्यांनी नेहमीप्रमाणे गुरुवारी सकाळी सातला फोन केला.

"आजी आल्या होत्या. खाडा टाकला, बिल बघितलं, लगेच कमी झालं. म्हटलं, आता तरी कालनिर्णय खिळ्याला राहू दे."

"काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, राहू दे की. फुल्या मी मारणारच आहे."

परवा एक्सकोडची नवी आवृत्ती आली. एकतीसच्या तीस झालेल्या ओळी आता चौतीस झाल्यात. ज्युनिअरनं लगेच हाक मारली, "ताई, चार नव्या!" मग स्वतःच पत्ते वाचले, आणि जेवायला गेला.